पडद्याआडच्या सतरा होड्या

वेळसर बंदरात मासळीच्या बाबतीत खोटं बोलणं पाप मानत नाहीत. बांगडा कुठे लागला असं विचारलं, तर दक्षिणेहून आलेला तांडेल, म्हणजे होडीचा कप्तान, बेधडक उत्तरेकडे हात करतो. विचारणाराही दुधखुळा नसतो, तो मुकाट दक्षिणेला जातो. यावरून कोणी कोणावर रुसत नाही. आणि एकदा थव्यावर जाळं पडलं की होडी साफ गप्प होते. पूर्वी कंदिलावर घोंगडी टाकत, पुढे वायरलेसचं बटण बंद करू लागले. आता प्रत्येक होडीवर ‘हाळी’ आहे, तर तिचं तोंड बांधतात. वेळसरात याला ‘पडदा टाकणं’ म्हणतात, आणि पडदा टाकलेल्या होडीला हाका मारणं हा चक्क असभ्यपणा समजला जातो.

‘हाळी’ ही निरोपांची यंत्रणा. खोल समुद्रात मोबाइलचे मनोरे नसतात, म्हणून एका होडीचा निरोप दुसरी उचलते, दुसरीचा तिसरी, आणि असं करत करत तो किनाऱ्याला लागतो. केबिनमध्ये एक स्क्रीन आणि तिच्याखाली जेवणाच्या डब्याएवढं यंत्र. त्या यंत्राला भोंगा जोडलेला, इंजिन जोडलेलं आणि गेल्या तीन वर्षांत सुकाणूही. एक बटण दाबलं की होडी आपली आपण बंदराकडे वळते. तांडेल मंडळी त्या बटणाला नावं ठेवतात आणि जेवायच्या वेळी हमखास दाबतात.

ही सगळी यंत्रं सांभाळायचं काम मच्छीमार सोसायटीत हर्षला चोगले करायची. पुण्यात सहा वर्षं नोकरी करून ती परत आली होती. तिचा थोरला भाऊ रुपेश ‘चंपावती’चा तांडेल. बापाच्या होडीवर तो पहिल्यांदा गेला, तेव्हा धक्क्यावर उभ्या असलेल्या सात वर्षांच्या हर्षलासाठी त्यानं एक आखूड भोंगा दिला होता. पुढे ती रीतच पडली. होडी धक्का सोडायची, भोंगा एकदा वाजायचा आणि मग हर्षला शाळेत जायची. ती पुण्याला गेल्यावर ती रीत मोडली. परत आल्यावर दोघांपैकी कोणीच त्या रीतीची आठवण काढली नाही.

पडद्याचं सगळं दोन वर्षांपूर्वीच्या एका लबाडीवरून घट्ट झालं. कोणीतरी ‘हाळी’वर वादळाचा खोटा इशारा सोडला. यंत्रं बिचारी सरळ मनाची. ‘इशारा पोचला’ अशी पोच त्यांनी आपापल्या ठिकाणासकट परत पाठवली, आणि पाठवणाऱ्याला बसल्या जागी तीस होड्यांच्या जागा कळल्या. पंधरा दिवस त्या जागी कोणाला बांगडा मिळाला नाही. मग सोसायटीची बैठक झाली आणि रुपेशनं टेबलावर हात आपटला.

“पडदा म्हंजे पडदा. वादळाचा निरोप असला तरी आवाज नको, पोच नको.”

हर्षला एकदाच म्हणाली, “दादा, हे बरं नाय.” त्यानं तिच्याकडे पाहिलं. बाकीचे सगळे त्याच्या बाजूनं होते. तिनं मान डोलावली, आणि एकेचाळीस होड्यांवर चढून स्वतःच्या हातानं ती सोय करून दिली. ही गोष्ट ती पुढे कधी विसरली नाही.

*

‘हाळी’तलं भगदाड तिला सापडलं ते जूनमध्ये, होड्या किनाऱ्याला असताना.

ते समजायला पलंगाचं उदाहरण पुरे. पलंग एका गावाहून दुसऱ्या गावाला पाठवायचा तर अखंड जात नाही. तो सुटा करतात, फळ्या बांधतात आणि कसा जोडायचा ते एका चिठ्ठीवर लिहून देतात. पलीकडचा सुतार चिठ्ठी वाचतो आणि पलंग उभा करतो. ‘हाळी’चा निरोप असाच जायचा. त्यात नुसती अक्षरं नसत. नकाशाचा तुकडा असे, इंजिनाचा हालहवाल असे, माशांच्या थव्याचं चित्र असे. पाठवणारं यंत्र हे सारं सुटं करून आकड्यांच्या माळेत ओवायचं, वर चिठ्ठी लावायचं, आणि घेणारं यंत्र चिठ्ठीबरहुकूम ते पुन्हा जोडायचं.

घोटाळा सुताराच्या स्वभावात होता. तो चिठ्ठीवर आंधळा विश्वास ठेवायचा. ‘हा नकाशा आहे, नकाशावाल्याला बोलाव’ असं लिहिलं असेल तर तो नकाशावाल्याला बोलवायचा. ‘आधी स्वयंपाकघराची भिंत पाड’ असं लिहिलं असेल तर तो भिंत पाडायचा, आणि मग विचारायचा की हा पलंग पाठवला कोणी. निरोप कोणाचा, खरा की खोटा, हे ‘हाळी’ तपासत होती, पण गाठोडं सोडून झाल्यावर. चिठ्ठीत ‘भोंगेवाल्याला बोलाव’ किंवा ‘सुकाणूवाल्याला बोलाव’ असं लिहिलं, की तपासणी होण्याआधीच काम होऊन जायचं.

आणि पडद्यानं यात काहीच फरक पडत नव्हता. पडदा निरोप दाखवत नसे, एवढंच. पुढच्या होडीला द्यायचा म्हणून यंत्र तो उघडून ठेवायचंच. माणसानं निरोपाला हातही लावला नाही तरी गाठोडं सुटलेलं असायचं.

हर्षलानं टेबलावरच्या जुन्या यंत्राला एक भोंगा जोडून हे करून पाहिलं आणि भोंगा खरंच वाजला. तिनं त्याच दिवशी ‘हाळी’ बनवणाऱ्या कंपनीला कळवलं. तिथल्या सुरक्षा विभागाच्या नंदिनी केळुसकर यांनी तिचे आभार मानले आणि लिहून घेतलं की दुरुस्ती होईपर्यंत ही वाट ती कोणाला सांगणार नाही आणि समुद्रावरच्या एकाही होडीवर वापरणार नाही. दुरुस्तीला चार महिने लागले. नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी ती बसवायची ठरली, कारण शुक्रवारी अर्धे खलाशी नमाजाला असतात आणि सगळ्या होड्या धक्क्याला लागतात.

वादळ मंगळवारीच वळलं.

*

ते गुजरातकडे जाणार होतं. सकाळी दहाच्या अंदाजात ते पूर्वेला कलंडलं आणि संध्याकाळी सहापर्यंत वेळसरसमोर येणार असं दिसू लागलं. समुद्रात एकेचाळीस होड्या होत्या. चोवीस तांडेलांनी इशारा वाचला आणि माघारी निघाले. सतरांवर पडदा होता. त्यांत ‘चंपावती’ होती.

सोसायटीचे अध्यक्ष इक्बालचाचा मुकादम खिडकीपाशी उभे होते. सत्तरी ओलांडलेले, चाळीस वर्षं तांडेल होते. रुपेशची बायको प्रणाली जाळ्याचं काम टाकून आली होती, सुतळीची सुई अजून तिच्या हातातच होती.

“हेलिकॉप्टर?” तिनं विचारलं.

“सांगितलंय,” इक्बालचाचा म्हणाले. “पण कुटं शोधणार? सतरा जणांनी जागा लपवलीय. आपणच ठराव केलाय ना.”

“जाळं कधी ओढतील?”

“थवा चांगला असेल तर चार वाजता. तोवर कोणी पडदा उचलायचा नाय.” चार म्हणजे उशीर झाला, हे त्यांना बोलून दाखवावं लागलं नाही.

हर्षला आतल्या खोलीत गेली आणि तिनं नंदिनी केळुसकरांना फोन लावला. सगळं दोन मिनिटांत सांगितलं.

“तुम्ही लिहून दिलंय, हर्षला.”

“हो मॅडम. म्हणून तर विचारतेय.”

“मी हो म्हटलं तर उद्या प्रत्येक जण असंच एक चांगलं कारण घेऊन येईल. नाही म्हटलं तर... मी काहीच म्हणत नाही. निर्णय तुमचा. फक्त जे कराल ते आणि त्याचं जे होईल ते, काही लपवू नका.”

ती बाहेर आली आणि प्रथमच दोघांना ते भगदाड समजावून सांगितलं. प्रणालीनं पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

“मंग वळव ना होड्या. बटण हाय ना घरी येण्याचं? तूच दाब.”

“वैनी, जाळी पाण्यात हायत. होडी अचानक वळली तर जाळं पंख्यात जाईल. इंजिन बंद पडलं तर वादळात काय करतील? आणि सुकाणू दादाच्या हातात हाय. ते मी ओढून घेणार नाय.”

“मंग काय करणार?”

“भोंगा,” इक्बालचाचा खिडकीतूनच म्हणाले. “आमच्या वेळेला किनाऱ्यावरून तीन लांब भोंगे द्यायचे. तीन म्हंजे सगळं टाकून या. रुपेशच्या बापाला माहीत होतं. पोरांनाबी माहीत असंल.”

हर्षला यंत्रापुढे बसली. चिठ्ठीत तिनं तीन गोष्टी लिहिल्या. पडदा उचल, वादळाचा नकाशा दाखव, तीन लांब भोंगे दे. चौथी ओळ तिच्या बोटांनी आपसूकच लिहिली होती: होडीचं ठिकाण परत पाठव. ती त्या ओळीकडे पाहत राहिली. ही ओळ ठेवली तर पाच मिनिटांत तिला भाऊ कुठे आहे ते कळलं असतं. सोळा दुसऱ्या तांडेलांच्या जागाही कळल्या असत्या, ज्या त्यांनी आपल्या बायकांनाही सांगितल्या नव्हत्या. पण जागा कळल्या तरी हेलिकॉप्टरला सतरा ठिकाणी पोचायला वेळच नव्हता. इशारा ऐकू गेला तर माणसं स्वतःच येतील. तिनं ती ओळ पुसली.

“काय पुसलंस?” प्रणालीनं विचारलं.

हर्षलानं सांगितलं. प्रणालीनं तिच्याकडे असं काही पाहिलं की ती नजर तिला पुढे कित्येक दिवस टोचत राहिली.

“तुजा भाऊ हाय तो,” प्रणाली म्हणाली.

“म्हणूनच,” हर्षला म्हणाली, आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी गाठोडं सोडलं. ते एका होडीवरून दुसरीवर गेलं असेल, उघडलं असेल, वाजलं असेल. कळायला मार्ग नव्हता. तो तिनंच बुजवला होता.

*

दोन वाजता आभाळ काळंनिळं झालं. इशारा वाचून निघालेल्या चोवीस होड्या तोवर धक्क्याला लागल्या होत्या. अडीचला सतरांतली पहिली होडी दिसली आणि धक्क्यावर जमलेल्या बायकांनी मोजायला सुरुवात केली. तीन, पाच, नऊ. उतरणारा प्रत्येक तांडेल आधी यंत्राला शिव्या घालायचा आणि मग समुद्राकडे पाहून गप्प व्हायचा. साडेचारला सोळा झाल्या. लाटा धक्क्यावरून पलीकडे पडू लागल्या होत्या. प्रणाली खांबाला धरून उभी होती आणि हर्षलाशी एक अक्षर बोलत नव्हती. हर्षला मनातल्या मनात ती पुसलेली ओळ पुन्हा पुन्हा लिहीत होती.

पाच वाजून वीस मिनिटांनी भोंगा ऐकू आला. ‘चंपावती’चा भोंगा घोगरा, सर्दी झालेल्या म्हशीसारखा. रुपेशनं तो कधी दुरुस्त केला नव्हता. प्रणालीनं खांब सोडला आणि ती रडू लागली.

होडीवर जाळं नव्हतं. ते कापून टाकलं होतं. खलाशी जनूभाऊंना दोघांनी धरून उतरवलं, त्यांच्या उजव्या हाताला लुंगी गुंडाळलेली होती आणि ती लाल झाली होती. त्यांना दवाखान्यात पाठवून रुपेश भिजलेल्या अंगानं सोसायटीत आला.

“भोंगा तू वाजवलास?”

“व्हय.”

“जनूभाऊ जाळं ओढायच्या विंचपाशी दोर धरून होता. भोंगा कानाशी वाजला, तो दचकला. दोन बोटं गेली त्याची.”

हर्षला खुर्चीवरून उठली.

“भोंगा वाजला नसता तर आमी सहाच्या सहा जण गेलो असतो, ते मला कळतंय,” रुपेश म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, आणि तेच तिला सोसवत नव्हतं. “मी काय खुळा नाय. पण माज्या होडीवर मला न विचारता कोणीतरी आत शिरलं होतं. पडदा मी टाकलेला, तो दुसऱ्यानं उचलला. ते दुसरं म्हंजे तू होतीस, हे तर आणखीनच नाय झेपत.”

तो निघून गेला. त्या संध्याकाळी शेजारच्या बंदराची एक होडी उलटली. चार जण दुसऱ्या दिवशी सापडले, दोन सापडलेच नाहीत. त्यानंतर वेळसरात हर्षलाला कोणी नावं ठेवली नाहीत. उलट लोक तिच्या घरी नारळ आणून देऊ लागले. एक भाऊ सोडला तर सगळं गाव तिच्यावर खूश होतं.

तिनं कंपनीला सगळं लिहून कळवलं, जनूभाऊंच्या बोटांसकट. उत्तर आलं की भगदाड शोधल्याबद्दल तिचं नाव जाहीर होणार होतं, ते आता होणार नाही. खाली नंदिनी केळुसकरांनी स्वतः एक ओळ लिहिली होती: सतरा होड्या आल्या हे वाचून बरं वाटलं. हर्षला दवाखान्यात जनूभाऊंकडेही गेली. त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं आणि डाव्या हातानं संत्रं सोलायचा प्रयत्न केला. ते जमलं नाही तेव्हा तिनं ते सोलून दिलं, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी काही केल्या थांबेना.

*

वादळामुळे दुरुस्ती एक आठवडा पुढे गेली. शुक्रवारी नमाज झाल्यावर सोसायटीत बैठक भरली. हर्षलानं सांगितलं की आज भगदाड बुजणार. नव्या ‘हाळी’त सुताराजवळ ठरलेल्या कामांची यादी असेल. चिठ्ठीत यादीबाहेरचं काही असलं तर गाठोडं न सोडताच परत जाईल, आणि पाठवणाऱ्याची ओळख आधी पटवली जाईल.

प्रणाली उठून उभी राहिली. बैठकीत ती पहिल्यांदाच बोलत होती. “नको बुजवू. उगडं ठेव. किल्ली तुज्याकडंच राहू दे. आमची माणसं घरी येतायत ना?”

बायकांमधून हुंकार उठला. तांडेलांनीही माना हलवल्या. रुपेश मागच्या बाकावर बसून जमिनीकडे पाहत होता.

“वैनी, याला किल्लीच नाय. भगदाड हाय ते,” हर्षला म्हणाली. “मी शिरले तशी कोणीबी शिरेल. जो होडी घरी आणू शकतो तो ती खडकावरबी नेऊ शकतो.”

“आपल्याला असं कोण करंल?” एक तांडेल म्हणाला.

“बरं. खडक सोडा. चिठ्ठीत एक ओळ जास्त लिहिली की पडदा असला तरी तुमची जागा कळते. पलीकडच्या बंदरात एखादा शिकलेला पोरगा निघाला म्हंजे झालं.”

खडकाच्या नावानं जे तांडेल हलले नव्हते ते जागेच्या नावानं एकदम सरसावून बसले. “बुजव, बुजव,” तिघं-चौघं एकदम म्हणाले. इक्बालचाचांना हसू आवरेना.

प्रणाली मात्र बसली नाही. “मंग पुढच्या वादळाला आमी काय करायचं? धक्क्यावर उभं राहून मोजायचं?”

हर्षलानं तिच्यासाठीच आठवडाभर जागून काम केलं होतं. कंपनीच्या परवानगीनं त्या यादीत एकच नवं काम घातलं होतं. संकटाची हाळी. ती सोसायटीच्या शिक्क्याशिवाय जाणार नाही. पडद्याआड पोचेल, तीन भोंगे देईल आणि होडीचं काहीही परत आणणार नाही. आणि ती चालू ठेवायची की बंद, ते तांडेल आपल्या हातानं ठरवेल. कोणी चालू ठेवली ते हर्षलालाही दिसणार नाही.

“तुलाबी नाय?” प्रणालीनं विचारलं.

“मलाबी नाय.”

दाराजवळून जनूभाऊ बोलले. त्यांचा हात गळ्यात बांधलेला होता. “एक ऱ्हायलं. आधी दिवा लाव. विंचपाशी लाल दिवा, धा सेकंद. मंग भोंगा. म्हंजे माणूस हात काढून घेईल.”

हर्षलानं ते कागदावर लिहून घेतलं. रुपेशनं पहिल्यांदाच मान वर केली, जनूभाऊंकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

*

सोमवारी सकाळी होड्या पुन्हा निघाल्या. ‘चंपावती’वर नवं जाळं होतं, त्यातलं निम्मं प्रणालीनं विणलेलं. दोन आठवडे झाले तरी भाऊ-बहीण बोलले नव्हते. यंत्राची तार उपटून टाकणार असं रुपेश घरात म्हणाल्याचं प्रणालीनंच सांगितलं होतं.

“चालू ठेवलंय का त्यानं?” तिनं सोसायटीच्या खिडकीशी येऊन विचारलं.

“मला दिसत नाय, वैनी. खरंच.”

“तूच तसं केलंस.”

“व्हय. मीच.”

होड्या खाडीच्या तोंडाशी पोचल्यावर पहिली चाचणी घ्यायची ठरली होती. हर्षलानं शिक्का लावला आणि संकटाची हाळी सोडली. दोघी खिडकीत उभ्या राहिल्या. दहा सेकंद काहीच झालं नाही. मग एक होडी वाजली, दुसरी वाजली, आणि बघता बघता सगळी खाडी वाजू लागली. तीन लांब भोंगे, सगळ्यांचे अगदी सारखे, मोजून मापून. प्रणाली डोळे मिटून ऐकत होती. त्या गोंगाटात घोगरा आवाज कुठे होता, की नव्हता, हे कोणालाही सांगता आलं नसतं.

एकेक होडी थांबत गेली. शेवटी दोन-तीनच उरल्या. आणि त्यांच्यामागून, सगळ्यांत उशिरा, सर्दी झालेल्या म्हशीचा आवाज आला. एक. दोन. तीन.

“लावलंय,” प्रणाली म्हणाली आणि तिनं हर्षलाचा हात घट्ट धरला. “यंत्र चालू ठेवलंय त्यानं.”

हर्षलानं मान हलवली. खाडी शांत झाली. ‘चंपावती’ बाहेरच्या पाण्यात शिरली, आणि तेवढ्यात तिचा भोंगा आणखी एकदा वाजला. आखूड, थोडा तुटक.

“आता हा चौथा कसला?” प्रणालीनं गोंधळून विचारलं. “तू तीनच सांगितलेलेस ना?”

“तीनच,” हर्षला म्हणाली. तिनं ओढणीनं डोळे पुसले. “चौथा दादानं हातानं दिलाय. आता मी कामाला लागते.”